आर्कम हॉररमध्ये ‘वीकनेस’ लिहिलेलं असेट नक्की कुठल्या प्रकारात धरायचं?

मिरज_रोड (सांगली)

नमस्कार मंडळी. विश्रामबागला रविवारी आमचा चार भिडूंचा डाव असतो, आर्कम हॉरर: द कार्ड गेम, २०२१ ची सुधारित कोअर पेटी. आमची पात्रं रोलंड, डेझी, अ‍ॅग्नेस आणि वेंडी. नियमांचं पुस्तक इंग्रजीत आहे आणि आमच्यातल्या दोघांना ते डाव चालू असताना भराभर चाळणं जड जातं, म्हणून मी मराठीत एका पानात मावेल अशी चिठ्ठी तयार करतोय. फेऱ्या, कृती, टोकन हे सगळं उतरवून झालं. वीकनेसपाशी, म्हणजे आपल्याच डेकमध्ये सक्तीनं ठेवाव्या लागणाऱ्या त्रासदायक कार्डांपाशी, मात्र अडलोय. ‘वीकनेस’ हा कार्डाचा एक प्रकार आहे असं धरून लिहायला बसलं की प्रत्येक कार्ड वेगळंच वागतं. वाद झाले ते असे:

डेझीनं अपकीपमध्ये (फेरीचा शेवटचा टप्पा) नेक्रोनॉमिकॉन उचललं. त्यावर असेटही (समोर राहणारं कार्ड) लिहिलंय आणि वीकनेसही. तिच्यासमोर त्या फेरीत डिसोनंट व्हॉइसेस होतं, म्हणजे असेट आणि इव्हेंट (एकदा खेळून संपणारं कार्ड) खेळायला बंदी. शिवाय दोन्ही हात भरलेले, एकात मॅग्निफाइंग ग्लास, दुसऱ्यात ओल्ड बुक ऑफ लोअर. मग नेक्रोनॉमिकॉन हातातच ठेवायचं, समोर मांडायचं, की जागा नाही म्हणून थेट बाद?

अ‍ॅग्नेसकडे डार्क मेमरी आली, ती इव्हेंट आहे. हातात नऊ कार्डं झाली तेव्हा तिनं तीच टाकली. चालतं का?

अ‍ॅग्नेसच्याच डेकमधून पॅरानोइया निघालं. तिच्या हातात ट्रेचरी (संकटाचं कार्ड) रद्द करणारं वॉर्ड ऑफ प्रोटेक्शन होतं, ते लावलं. दोघं म्हणाले चालतं, कारण पॅरानोइया ट्रेचरीच आहे.

वेंडीचा मॉब एन्फोर्सर मारला. तो एनिमी आहे म्हणून एन्काउंटरच्या, म्हणजे खेळाच्या सामाईक संकटांच्या, बाद गठ्ठ्यात ठेवला.

दर वेळी शेवटी ‘ग्रिम रूल’ म्हणून सगळ्यात वाईट अर्थ घेतो आणि पुढे जातो. त्यानं डाव चालतो, पण चिठ्ठीवर काय लिहू?

पोवई_नाका (सातारा)

गाठ पहिल्याच वाक्यात आहे. वीकनेस हा कार्डाचा प्रकार नाही. प्रकार म्हणजे असेट, इव्हेंट, स्किल, एनिमी, ट्रेचरी, लोकेशन, अ‍ॅक्ट, अजेंडा वगैरे. असा एक शब्द कार्डावर असतो आणि तोच त्याचा प्रकार. वीकनेस हा त्यावरचा पोटप्रकार. सातबाऱ्यावर बोजा चढतो तसं समजा. जमीन बागायत असेल तर बागायतच राहते, जिरायत असेल तर जिरायत. बोजा वेगळ्या रकान्यात असतो आणि त्याचे परिणाम वेगळे लागू होतात. नेक्रोनॉमिकॉन हे असेट आहे, त्यावर वीकनेसचा बोजा आहे. तिसरा थर म्हणजे ट्रेट, कार्डावरचे गुणशब्द, इथे आयटम (वस्तू) आणि टोम (ग्रंथ). तिन्ही एकाच वेळी खरे असतात, एकामुळे दुसरं खोटं होत नाही. एवढं टेबलावर पक्कं झालं की तुमचे निम्मे वाद उरत नाहीत.

आता वीकनेस डेकमधून उचलला की काय करायचं. आधी प्रकार वाचा. ट्रेचरी किंवा एनिमी असेल तर तो एन्काउंटर डेकमधून आल्यासारखा लगेच सोडवायचा, हातात जातच नाही. असेट, इव्हेंट किंवा स्किल असेल तर त्यावरचं रिव्हेलेशन (उचलताच लागू होणारा मजकूर) असल्यास ते आधी सोडवायचं, आणि त्या रिव्हेलेशननं कार्ड दुसरीकडे पाठवलं नसेल तर ते हातात जातं. उचलण्याऐवजी दुसऱ्या एखाद्या परिणामानं वीकनेस हातात आला तरी तो उचलल्यासारखाच सोडवावा लागतो, तिथे पळवाट नाही.

नेक्रोनॉमिकॉनवर रिव्हेलेशन आहे: आपल्या थ्रेट एरियात (आपल्यासमोरची संकटांची जागा), त्यावर ३ हॉरर (भीतीची टोकनं) ठेवून, खेळात मांडा. त्यामुळे ते हातात राहत नाही. डिसोनंट व्हॉइसेस त्याला अडवत नाही, कारण त्या कार्डात ‘खेळता येत नाही’ असं आहे आणि नेक्रोनॉमिकॉन कुणी खेळत नाहीये. पैसे लागत नाहीत, कृती लागत नाही, ते रिव्हेलेशननं मांडलं जातं. (अपकीपला कार्ड उचलतात तेव्हा फेरी संपलेली नसते, म्हणून डिसोनंट व्हॉइसेस त्या क्षणी समोर असणं बरोबरच आहे. ते फेरीच्या शेवटी जातं.)

दोन्ही हात भरलेले असतील तर नवं कार्ड बाद होत नाही, जुन्यातलं एक जातं. थ्रेट एरियात असलं तरी नेक्रोनॉमिकॉन हे हाताची जागा घेणारं असेट आहे, आणि खेळाडू-प्रकारचा वीकनेस हा ज्याच्या डेकमधला त्याच्याच ताब्यात असतो. म्हणून ते येतानाच डेझीनं भिंग किंवा पुस्तक यातलं एक निवडून बाद करायचं. डेझीज टोट बॅग समोर असेल तर टोमसाठी दोन जादा हात मिळतात, मग काही सोडावं लागत नाही. त्या बॅगेचं खरं मोल इथे कळतं. नेक्रोनॉमिकॉनवर एक जरी हॉरर असला तरी ते खेळातून जाऊ शकत नाही, त्यामुळे पुढे दुसरं हाताचं असेट खेळताना ‘हेच काढतो’ असं म्हणता येत नाही.

हॉरर उतरवायची पद्धतही या थरांवर अवलंबून आहे. एक कृती देऊन १ हॉरर नेक्रोनॉमिकॉनवरून डेझीवर सरकवायचा. कार्डात डेझीचं नाव आहे, म्हणून तो सोबती-असेटवर (अ‍ॅलाय कार्ड) ढकलता येत नाही. आणि ते टोम असल्यामुळे डेझीला टोमसाठी दर वळणाला मिळणारी जादा कृती इथे वापरता येते. म्हणजे आपल्या नेहमीच्या तीन कृतींना हात न लावता दर वळणाला एक, तीन वळणांत तिन्ही. बरेच जण ‘वीकनेस आहे, त्याला डेझीची सवलत कशी’ म्हणून एका वळणात तीनही कृती घालवतात. सवलत ट्रेटला आहे, ट्रेट छापलेला आहे, विषय संपला. फक्त तिच्याशी गुंतलेला एनिमी असेल तर ही कृती करताना त्याचा संधीचा हल्ला होतो, ते विसरू नका. आणि नेक्रोनॉमिकॉन समोर असेपर्यंत चाचणीत एल्डर साइनचं टोकन निघालं तर ते ऑटो-फेल, म्हणजे चाचणी हुकलीच.

डार्क मेमरी: इव्हेंट, रिव्हेलेशन नाही, म्हणून सरळ हातात. हातातला वीकनेस स्वतःच्या निवडीनं बाद करता येत नाही, दुसऱ्या कार्डानं तशी स्पष्ट मुभा दिली तरच. अपकीपला आठच्या वर कार्डं झाली तर बाकीच्यांतून एक बाद करायचं. ती काढायची असेल तर २ रिसोर्स आणि एक कृती देऊन खेळायची; चालू अजेंडावर (संकटाची वाटचाल दाखवणारं कार्ड) १ डूम टोकन पडतं आणि त्याच क्षणी अजेंडा पुढे सरकू शकतो. एरवी डूमची मोजणी मिथॉस फेजलाच (फेरीचा पहिला टप्पा) होते, इथे कार्डानंच तशी परवानगी दिली आहे. खेळली नाही तर दर वळणाच्या शेवटी ती दाखवून २ हॉरर घ्यायचे, आणि ती हातातच राहते. हे हॉरर ‘डायरेक्ट’ नाहीत, म्हणून सोबती-असेटवर वाटता येतात. अ‍ॅग्नेसवर हॉरर बसला की तिच्या जागेवरच्या एनिमीला ती १ डॅमेज देऊ शकते, म्हणून काही जण डार्क मेमरी मुद्दाम दोन वळणं हातात धरतात. ते पूर्णपणे नियमात आहे.

पॅरानोइयावर वॉर्ड चालत नाही. दोघांचं ‘ती ट्रेचरीच आहे’ हे म्हणणं बरोबर, पण वॉर्डवर ‘वीकनेस नसलेली ट्रेचरी’ असं छापलंय. प्रकार जुळतो, बोजा आडवा येतो. रोलंडच्या कव्हर अप या ट्रेचरी-वीकनेसलाही हेच लागू.

मॉब एन्फोर्सर एन्काउंटरच्या गठ्ठ्यात जात नाही. वीकनेस बाद झाला की मालकाच्या, म्हणजे इथे वेंडीच्या, बाद गठ्ठ्यात.

गावभाग_४१६ (सांगली)

वर पोवई नाकादादांनी नियम नीट सांगितलेत. मी चिठ्ठीच्या भाषेबद्दल लिहितो, कारण मराठीत खेळताना गोंधळ तिथून सुरू होतो.

आपण सगळे मेंढीकोट आणि रमीवर वाढलोय. मेंढीकोटमध्ये ‘पान टाक’ म्हणजे पान खेळ. रमीत ‘पान टाक’ म्हणजे नको असलेलं सोडून दे. आर्कमच्या टेबलावर हाच ‘टाकणे’ चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो: खेळणं, मांडणं, चाचणीला जोडणं आणि बाद करणं. हा खेळ या चारांत काटेकोर फरक करतो आणि प्रकारांचे बहुतेक वाद त्या फरकावरच उभे असतात. मिरज रोड, तुमच्या प्रश्नातसुद्धा डार्क मेमरी ‘टाकली’ असं आहे. मला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की बाद केली.

चिठ्ठीवर ‘टाकणे’ हा शब्दच ठेवू नका. माझी सुचवणी: डेकमधून घेणं ते ‘उचलणे’. पैसे भरून हातातून वापरणं ते ‘खेळणे’. कार्डाच्या आदेशानं समोर येणं ते ‘मांडणे’. कौशल्य चाचणीत चिन्हांसाठी देणं ते ‘जोडणे’. बाद गठ्ठ्यात जाणं ते ‘फेकणे’. परत न येणारं ते ‘खेळाबाहेर’.

शब्द बरोबर बसलेत का हे तपासायला डिसोनंट व्हॉइसेस घ्या. त्यात असेट आणि इव्हेंट ‘खेळणे’ एवढंच बंद आहे. समोर आधीच मांडलेल्या असेटची कृती वापरता येते. स्किल कार्ड चाचणीला जोडता येतं, कारण स्किल खेळतच नाहीत आणि बंदीच्या यादीतही नाही. असेट किंवा इव्हेंटसुद्धा त्यावरच्या चिन्हांसाठी जोडता येतं. जोडताना त्याचा प्रकार असेटच राहतो, पण ते खेळलं जात नाही. उलट वॉर्ड ऑफ प्रोटेक्शन ‘फास्ट’ असलं तरी खेळावंच लागतं, म्हणून ते अडतं. ‘फास्ट’नं कृती वाचते, खेळणं चुकत नाही. डार्क मेमरीही त्या फेरीत खेळता येणार नाही आणि वळण संपताना २ हॉरर बसतील.

‘हात’ हा शब्दही सांभाळा. हातातली कार्डं आणि असेटची हाताची जागा या दोन गोष्टी आहेत. ‘माझे हात भरलेत’ म्हटल्यावर कुणी हातातली कार्डं मोजायला लागतं. पहिल्याला ‘हातातली’, दुसऱ्याला ‘हाताची जागा’ असं पूर्ण लिहा.

कमानी_हौद (सातारा)

दोन गोष्टी जोडतो.

मॉब एन्फोर्सरवर ‘प्रे: फक्त बेअरर’ आहे, म्हणजे त्याचं सावज फक्त ज्याच्या डेकमधला तो, ती व्यक्ती. तो वेंडीच्याच मागे हलतो आणि आपणहून तिच्याशीच गुंततो. याचा अर्थ इतरांनी हात बांधून बसावं असा नाही. त्याच जागेवरचा रोलंड एंगेज कृतीनं त्याला स्वतःकडे ओढू शकतो, किंवा न ओढता थेट लढू शकतो. न ओढता लढला आणि चाचणी हुकली तर तो मार वेंडीला बसतो, म्हणून चाचणी कठीण वाटत असेल तर आधी ओढून घ्या. लढायचंच नसेल तर ४ रिसोर्स देऊन पार्ले (बोलणी) करून तो बाद होतो. अपकीपला उचलला गेला तर त्या फेरीची एनिमी फेज होऊन गेलेली असते, म्हणजे पुढच्या फेरीतली सगळी वळणं त्याच्यासाठी तुमच्या हातात असतात. घाबरून सगळा आराखडा मोडू नका.

दुसरं, गठ्ठे. वीकनेसची पाठ खेळाडूच्या कार्डाची असते. तो एन्काउंटर गठ्ठ्यात गेला तर पुढे पिसताना वेगळी पाठ दिसते आणि कुठलं कार्ड कधी येणार ते उघड होतं. वेंडीच्या डेकमधूनही तो कायमचा गेला, म्हणजे खेळ नकळत सोपा झाला. तिचा डेक संपला की बाद गठ्ठा पिसून नवा डेक होतो, ती कार्ड उचलते आणि १ हॉरर घेते. मॉब एन्फोर्सर त्या नव्या डेकमध्ये पुन्हा असायलाच हवा. डाव आवरताना प्रत्येकाची मोजणी करा. ३० कार्डं, स्वतःचं खास असेट, खास वीकनेस आणि एक बेसिक (कुणालाही लागू शकणारा) वीकनेस, म्हणजे ३३. कमी भरली तर कोपऱ्यातल्या एन्काउंटर गठ्ठ्यात शोधा.

स्लीव्ह घालत असाल तर वीकनेसला वेगळा रंग देऊ नका, लक्षात राहावं म्हणून पुष्कळ जण देतात. डेकच्या वर कधी वीकनेस आहे ते पाठीवरूनच कळायला लागतं. पूर्ण डेकला एकच रंग. कार्ड ६३.५ × ८८ मिमी आहे, त्या मापाची स्लीव्ह मागवा. साताऱ्यात पावसाळ्यात उघडी कार्डं कडेनं वळतात आणि वारंवार हाताळलेलं कार्ड वेगळं ओळखू येतं, तेव्हा स्लीव्ह इकडे चैन नाही.

आणि हो, सुरुवातीच्या पाच कार्डांत वीकनेस आला तर तो सोडवायचा नाही. बाजूला ठेवा, बदली कार्ड घ्या, हात बदलून झाला की डाव सुरू होण्याआधी तो डेकमध्ये पिसून टाका. ही ओळ चिठ्ठीवर सगळ्यात वर हवी.

मिरज_रोड (सांगली)

फार उपयोग झाला. ‘टाकणे’चं तर डोक्यातच आलं नव्हतं, चिठ्ठीत तो शब्द नऊ ठिकाणी होता.

दोन शंका अजून. एक, अ‍ॅग्नेसच्या हातात डार्क मेमरी आहे आणि ती बेसिक वीकनेस अ‍ॅम्नेशिया उचलते: हातातलं एक सोडून बाकी सगळी कार्डं निवडून बाद करा. इथे डार्क मेमरी बाद करता येईल का? कार्ड तर बाद करायलाच सांगतंय. दोन, वॉर्डनं ट्रेचरी रद्द केली तर तिचं सर्ज (आणखी एक एन्काउंटर कार्ड उचला) उरतं का?

आणि ग्रिम रूल नक्की कधी?

पोवई_नाका (सातारा)

अ‍ॅम्नेशिया आधी. ती ट्रेचरी आहे, हातात येत नाही, म्हणून ‘एक सोडून’मध्ये तिला मोजू नका. बाद करणं सक्तीचं आहे, पण कोणतं ठेवायचं ही निवड अ‍ॅग्नेसची आहे. हातातला वीकनेस स्वतःच्या निवडीनं बाद करता येत नाही, आणि अ‍ॅम्नेशियावर ‘वीकनेससुद्धा’ अशी स्पष्ट मुभा छापलेली नाही. म्हणून माझं वाचन असं की ठेवायचं ते एक कार्ड म्हणजे डार्क मेमरीच, आणि बाकी सगळं जातं. कुणाला हे वाचन पटलं नाही तरी ग्रिम रूल लावून निकाल तोच येतो, त्या क्षणी त्याहून वाईट पर्याय नाही. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात तिथे डाव थांबवून वाद घालायची गरज नसते.

वॉर्ड: कोअरमधलं शून्य लेव्हलचं फक्त रिव्हेलेशन रद्द करतं. सर्ज हा कीवर्ड आहे, रिव्हेलेशन नाही. कार्डावर सुटा ‘सर्ज’ छापलेला असेल तर तो उरतो आणि एन्काउंटर डेकमधून आणखी एक कार्ड उचलावं लागतं. पण फॉल्स लीडसारख्या कार्डात ‘क्लू नसेल तर याला सर्ज मिळतो’ हे वाक्यच रिव्हेलेशनमध्ये आहे. रिव्हेलेशन रद्द झालं की सर्ज मिळतच नाही. तेव्हा ‘सर्ज’ हा शब्द दिसला एवढ्यावर थांबू नका, तो रिव्हेलेशन या ठळक शब्दाच्या आत आहे की बाहेर ते बघा. वॉर्ड लावल्यावर १ हॉरर घ्यायचा आहे तोही लक्षात असू द्या.

ग्रिम रूल हा शेवटचा थांबा आहे. कार्डावरचा मजकूर आणि पुस्तक यांत विरोध असेल तर कार्ड खरं. शिकवणी पुस्तिका आणि रूल्स रेफरन्स यांत विरोध असेल तर रूल्स रेफरन्स खरं. ‘करता येत नाही’ असं जिथे आहे तिथे दुसरं कार्ड ‘करा’ म्हणालं तरी ‘येत नाही’च जिंकतं. एवढं करूनही उत्तर सापडलं नाही तरच, त्या क्षणी जिंकण्याच्या दृष्टीनं सगळ्यांना जो अर्थ सर्वांत वाईट वाटतो तो घ्यायचा आणि पुढे जायचं. तुमच्या चारही वादांत उत्तर कार्डावर किंवा रूल्स रेफरन्समध्ये होतं, म्हणजे ग्रिम रूलची पाळी एकदाही आली नव्हती. आधीच तो लावला की माणसं कार्ड वाचायचं सोडून देतात. डेझीच्या बाबतीत ‘वाईट अर्थ’ म्हणून तिची टोमची जादा कृती काढून घेतली असेल, तर तिच्यावर अन्यायच झालाय.

मिरज_रोड (सांगली)

झालंय तसंच. दोन डावांत तिला ती कृती दिली नव्हती.

चिठ्ठीचा वीकनेसचा भाग असा केलाय, बघा:

पहिल्या पाचात वीकनेस आला: बाजूला, बदली घ्या, नंतर पिसा.
एरवी उचलला: आधी प्रकार वाचा.
एनिमी, ट्रेचरी: लगेच सोडवा, हातात नाही.
असेट, इव्हेंट, स्किल: रिव्हेलेशन असल्यास सोडवा, मग हातात.
मांडणे म्हणजे खेळणे नव्हे.
हातातला वीकनेस फेकता येत नाही.
बाद झाला की मालकाच्या गठ्ठ्यात.
कव्हर अप: क्लू सापडला की आधी त्यावरचा क्लू फेकावाच लागतो.

गावभाग_४१६ (सांगली)

तीन ओळी दुरुस्त करा.

‘हातातला वीकनेस फेकता येत नाही’ याऐवजी ‘स्वतःच्या निवडीनं फेकता येत नाही’. एखाद्या परिणामानं निवड न ठेवता पूर्ण हात किंवा आंधळेपणानं एक कार्ड बाद करायला लावलं तर वीकनेसही जातो. तुमच्या ओळीनं तो तिथेही अडकून राहील.

‘मग हातात’च्या पुढे ‘रिव्हेलेशननं दुसरीकडे मांडलं नसेल तर’ घाला. नाहीतर नेक्रोनॉमिकॉन पुन्हा हातात येईल.

कव्हर अपची ओळ उलटी झाली आहे. तिथे ‘फोर्स्ड’ नाही, प्रतिक्रियेचं चिन्ह आहे, म्हणजे ऐच्छिक. आपल्या जागेवर क्लू सापडणार असेल तेव्हा रोलंड ठरवतो, क्लू घ्यायचा की त्याऐवजी कव्हर अपवरच्या ३ पैकी तेवढे फेकायचे. एनिमी मारल्यावर त्याला मिळणाऱ्या क्लूलाही हे चालतं. सक्ती फक्त शेवटी आहे: डाव संपताना त्यावर एक जरी क्लू उरला तर १ मेंटल ट्रॉमा, म्हणजे पुढच्या डावांतही राहणारी मानसिक इजा. अजेंडा संपत आला असेल आणि अ‍ॅक्ट (आपली वाटचाल दाखवणारं कार्ड) पुढे न्यायला दोनच क्लू कमी असतील, तर ते क्लू अ‍ॅक्टकडे लावायचे की कव्हर अपकडे, हा निर्णय त्यानं चौघांशी बोलून घ्यायचा असतो. चिठ्ठीवर ‘रोलंडची मर्जी’ एवढे दोन शब्द पुरेत.